जुन्या मदरबोर्डवर पैसे घालू का?

प्रश्न: विजेचा दाब अचानक वाढला आणि घरचा डेस्कटॉप बंद पडला. 2018 मध्ये घेतलेला आहे, प्रोसेसर इंटेलचा, सातव्या पिढीचा. गेल्याच वर्षी त्यात एसएसडी आणि जादा रॅम टाकली. मी घरूनच दोन-तीन जणांचे हिशेब लिहिते, मुलीचा अभ्यासही त्यावरच चालतो. दुरुस्तीवाला म्हणतो, पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड दोन्ही गेले. या प्रोसेसरला बसणारा नवा बोर्ड मिळत नाही, वापरलेला बसवून देतो, हमी तीन महिने. खर्च नव्या पूर्ण सेटच्या 35 टक्के. यजमान म्हणतात, त्यापेक्षा बिनव्याजी हप्त्यांवर लॅपटॉपच घेऊन टाकू. सहा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे बाजूला आहेत, पण त्यांना हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलंय. काय करावं?

उत्तर: नमस्कार. मशीन दुरुस्तीला टाकलं असेल तर त्यातली एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, आजच काढून घरी आणा. बोर्ड तपासायला ती लागत नाही, आणि तुमच्या पक्षकारांचे हिशेब दुसऱ्याच्या टेबलावर पडून राहणं बरं नाही. एसएसडीला बसणाऱ्या यूएसबी अडॅप्टर केबलने किंवा एन्क्लोजरने (डिस्क आत ठेवायची यूएसबीची डबी) ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून डेटा वाचता येतो. दाब वाढून बोर्ड जळाला तरी डिस्क अनेकदा शाबूत असते. एवढं झालं की निर्णयाची निम्मी घाई संपते, आणि घाईत घेतलेलं मशीन नेहमी गरजेपेक्षा महाग असतं.

दुसरं, "दोन्ही गेले" हे निदान तुमच्यासमोर झालंय का? दाब वाढल्यावर पहिला मार पॉवर सप्लाय खातो आणि पुष्कळदा तो एकटाच जातो. चालू असलेला दुसरा पॉवर सप्लाय तुमच्या बोर्डला लावून बघणं हे दहा मिनिटांचं काम आहे. ते समोर उभं राहून करून घ्या. प्रोसेसरच्या आजूबाजूला छोटे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर असतात, त्यांची डोकी फुगलेली दिसतात का, किंवा बोर्डवर कुठे काळा डाग आहे का, तेही बघा. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक दाब राहू शकतो.

आता पैशांकडे वळू. नव्या पूर्ण सेटची किंमत 100 धरू, म्हणजे तुमची दुरुस्ती 35. बहुतेक जण इथेच थांबतात: 35 हे 100 पेक्षा कमी, चला दुरुस्त करू. पण 35 मध्ये किती वर्षं मिळणार? नवा सेट सहा वर्षं चालेल असं धरलं तर त्याचा वर्षाचा खर्च 17 च्या आसपास येतो. 35 देऊन दुरुस्त केलेलं मशीन त्या दराला परवडायचं असेल तर ते किमान दोन वर्षं चाललं पाहिजे.

दोन वर्षं फार नाहीत, असं वाटेल. पण इथे एक तिसरा पर्याय आहे, जो तुमच्या पत्रात नाही. तुमचा मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि एसएसडी, चारही चांगले आहेत ना? मग पूर्ण सेट घ्यायचाच कशाला? फक्त कॅबिनेट नवं घ्या, म्हणजे नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, रॅम आणि पॉवर सप्लाय. हे समजा 65 मध्ये बसलं (तुमच्याकडचा खरा आकडा घाला), तर सहा वर्षांत वर्षाला 11 पडतात. या दराशी बरोबरी करायला 35 ची दुरुस्ती तीन वर्षांहून जास्त टिकायला हवी. वापरलेला बोर्ड, 2018 चं मशीन, तीन महिन्यांची हमी. मी त्यावर पैज लावणार नाही.

शिवाय टिकण्याची मर्यादा फक्त बोर्डची नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच अधिकृत यादीत आहेत, तुमचा सातव्या पिढीचा त्यात बसत नाही. जुगाड करून विंडोज 11 चढवता येतं, लोक चढवतातही, पण अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. फक्त मुलीच्या अभ्यासाचा प्रश्न असता तर मी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाका आणि वापरा म्हटलं असतं. तुम्ही मात्र दुसऱ्यांचे हिशेब सांभाळता. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशीनवर ते ठेवणं हा खर्च आहेच, फक्त तो बिलात दिसत नाही.

गेल्या वर्षीच्या खर्चाबद्दल तुमचा जीव हळहळतोय, तो पत्रात दिसतो. ते पैसे गेले. दुरुस्ती केली तरी गेले, नवं घेतलं तरी गेले, म्हणून आजच्या तुलनेत त्यांना जागा नाही. त्यातून आज काय हाती येतं एवढंच बघायचं. एसएसडी साटा केबलवाली (बोर्डला केबलने जोडायची) असेल तर नव्या बोर्डला ती सहज लागते, म्हणजे तो खर्च पूर्ण वसूल. रॅमचं तसं नाही. जुन्या प्रकारच्या रॅमची, म्हणजे डीडीआर4 ची, पट्टी नव्या डीडीआर5 च्या खाचेत बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर4 घेणारे बोर्डही मिळतात, पण केवळ जुनी रॅम वाचवायची म्हणून बोर्ड निवडू नका. त्यापेक्षा ती विकून टाका.

लॅपटॉपबद्दल यजमानांना एकच प्रश्न विचारा: तो घराबाहेर कितीदा जाणार आहे? टेबलावरच राहणार असेल तर त्याच किमतीत डेस्कटॉप जास्त काम देतो आणि बिघडला की एकेक भाग बदलता येतो. कित्येक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डकवलेली असते. बॅटरीही साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंत उतरते. मुलगी लवकरच शिकायला बाहेर राहणार असेल तर गोष्ट वेगळी, मग हा हिशेब पुन्हा मांडू.

"बिनव्याजी हप्ता" ही मात्र नीट तपासायची चीज आहे. रोख दिले तर किती सूट, हे आधी विचारा. समजा 100 च्या वस्तूवर रोखीत 6 ची सूट आहे आणि हप्त्यांत ती मिळत नाही. म्हणजे तुम्ही खरं तर 94 चं कर्ज घेऊन 12 महिन्यांत 100 फेडता. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, सरासरी निम्म्याच्या थोडी वर रक्कम तुमच्याकडे राहते, त्यामुळे हे व्याज वर्षाला 11 ते 12 टक्क्यांच्या आसपास जातं. प्रोसेसिंग शुल्क असेल तर आणखी वर. सूट नसेल आणि शुल्कही नसेल, तर खुशाल हप्ते घ्या.

बाजूला ठेवलेल्या पैशांबद्दल तुम्ही कडक आहात, हे मला आवडलं. पण तो कॉम्प्युटर तुमच्या मिळकतीचं साधन आहे. तो बंद असेल तितके दिवस काम थांबतं, पक्षकार दुसरीकडे जातात. मिळकत तुटू नये म्हणूनच तर तो पैसा ठेवलाय. त्यातून रोख द्या, सूट घ्या, आणि जो हप्ता कंपनीला भरला असता तोच पुढचे 12 महिने त्या खात्यात परत टाका. रक्कम भरून निघाली की थांबू नका. नव्या मशीनच्या किमतीचा बहात्तरावा भाग दरमहा बाजूला टाकत गेलात तर सहा वर्षांनी पुढच्याची सोय झालेली असते. बिल तुमच्या नावावर घ्या, हे हिशेब लिहिणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको.

तर माझं मत: वापरलेल्या बोर्डवर 35 घालू नका. दुसरा पॉवर सप्लाय लावून मशीन चालू झालं, तर फक्त तेवढाच बदला. 6-7 मध्ये काम होईल. पण त्याला मुदत द्या, वर्षभराची समजा. त्या वर्षात 65 जमवा, आणि पक्षकारांच्या फायली तोवर त्यावर ठेवू नका किंवा ते मशीन इंटरनेटला जोडू नका. चालू झालं नाही, तर फक्त कॅबिनेट नवं घ्या, रोखीने.

घराचा विमा असेल तर विजेच्या दाबाने झालेलं नुकसान त्यात येतं का ते वाचून बघा. तोपर्यंत जळलेला बोर्ड टाकू नका, फोटो काढून ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडून बिघाडाचं कारण लिहून घ्या. स्पाइकगार्ड होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होता, तर तोही बदला. त्यातला व्हॅरिस्टर (जादा दाब झेलणारा भाग) प्रत्येक झटक्याने थोडा झिजतो, आणि झिजला तरी प्लगवरचा दिवा लागतच राहतो.