वाचकांचे प्रश्न : सॅकचा दाब, फोनची थरथर

प्रश्न : डोंबिवलीहून लोकलने उभ्याने येताना खांद्यावरच्या सॅकचं ओझं थोड्या वेळाने जाणवेनासं होतं. पण त्याच गर्दीत खिशातला मोबाइल थरथरला की लगेच कळतं. असं का?

उत्तर : कंपन टिपण्याचं काम पॅसिनी कणिकांचं. त्या त्वचेच्या खोल थरात आणि हाडा-सांध्यांजवळही असतात. लांबी साधारण 1 मिलिमीटर. मध्ये चेतातंतूचं टोक, त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे आणि पापुद्र्यांमध्ये द्रव. दाब पडला की टोकाला धक्का बसतो. दाब तसाच राहिला तर पापुद्रे सरकून तो पचवतात आणि संदेश क्षणात थांबतो. कंपनात मात्र प्रत्येक हेलकावा नवा धक्का असतो. 200 ते 300 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांना, या कणिका सर्वांत तल्लख, आणि बहुतेक मोबाइलची थरथरही त्याच्या आसपासची. कंपन दूरवर पसरतं, म्हणून फोन वाजला हे कळतं, पण कुठल्या खिशात ते चाचपावं लागतं.

पट्ट्याचा दाब त्वचेतल्याच मर्केल पेशी आणि रफिनी टोकं कळवत राहतात. त्यांच्याही संदेशांचा वेग हळूहळू उतरतो, आणि न बदलणाऱ्या निरोपाकडे मेंदू दुर्लक्ष करतो. ठाण्याला धक्काबुक्कीत पट्टा जरा सरकला की ओझं पुन्हा जाणवतं ते यामुळेच. हाताला मुंग्या आल्या किंवा बोटं बधिर झाली, तर मात्र ती सवय नव्हे, नस दबते आहे. सॅक पुढे घेतली तरी दोन्ही पट्टे घाला, आणि पट्टे रुंद असू द्या.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. तिच्या पायांची संवेदना घरी तपासता येईल का? (परळ)

उत्तर : प्राथमिक तपासणी नक्की करता येते. आईंना डोळे मिटून पडायला सांगा. दोन्ही पावलांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना तर्जनी अलगद टेकवा, प्रत्येकी 1 ते 2 सेकंद. दाबू नका, टिचकी मारू नका, घासू नका; जोर लावला तर खोलवरच्या संवेदना जाग्या होतात आणि चाचणी फसते. ‘कळलं का?’ असं विचारू नका. स्पर्श कळताच ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असं त्यांनीच म्हणावं. चुकलेल्या बोटाला पुन्हा हात लावायचा नाही. दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांना लवकर दाखवा. ते 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू आणि 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा दुबेळका काटा) वापरून खात्री करतात. घरी सगळं कळलं, तरी ही तपासणी वर्षातून एकदा हवीच.

मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. पावसाळ्यात याची फार काळजी वाटते: साचलेल्या पाण्यात काच रुतलेली कळत नाही आणि त्या जखमेतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू शिरू शकतात. अशा पाण्यात आईंना उतरू देऊ नका. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा, बूट घालण्याआधी झटका, आणि पायांवर गरम पाणी घेण्याआधी ते कोपराने तपासा.