तरुण संघाची जबाबदारी नव्याने हाती आली असेल, तर नेतृत्वाची सुरुवात कोठून करावी?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. तुम्ही 23 वर्षांचे आहात, खानापूर तालुक्यातील एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनी (धर्मगुरूंनी) तरुण संघ तुमच्याकडे सोपवला आहे, नोंदवहीत 30 नावे असूनही शनिवारच्या सभेला 9 जणच येतात, आणि सभा अधिक आकर्षक कशी करावी व स्वतः नेता म्हणून कसे वाढावे हे तुम्ही विचारले आहे. मी बेळगावातील एका मराठी मंडळीत 11 वर्षे तरुण संघ सांभाळला. त्या अनुभवावरून सांगते की सभेचा विचार काही महिने बाजूला ठेवा आणि आधी त्या 30 घरांत जाऊन बसा.

पहिली दोन वर्षे मीही सभेच्याच मागे होते. गीते, संदेश, पवित्र शास्त्रावरील प्रश्नमंजुषा, नाताळातील कॅरल हे सारे मी मन लावून करत असे आणि उपस्थिती घटली की नवा कार्यक्रम शोधत असे. आमच्या संघात एक मुलगा होता. तो नियमित येई, मागच्या बाकावर बसे आणि वाचनाची पाळी आली की पुस्तक शेजाऱ्याकडे सरकवी. त्याला विश्वासाच्या गोष्टींत रस नाही असा मी मनाशी निष्कर्ष काढून टाकला होता. एकदा त्याच्या आईला बरे नव्हते म्हणून मी घरी गेले, तेव्हा तिने सहज सांगितले की तो पहिलीपासून कन्नड माध्यमात शिकला असून त्याला देवनागरी अडखळतच वाचता येते. वर्षभर तो लाजेने गप्प होता आणि मी त्याला उदासीन समजत होते. पुढच्या शनिवारी आम्ही त्याला कन्नड पवित्र शास्त्रातून उतारा वाचायला सांगितला, मग तोच उतारा दुसऱ्या मुलीने मराठीतून वाचला, आणि त्या दिवसापासून दोन्ही भाषांत वाचन हा आमचा रिवाज झाला. काही वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. आपल्या सीमाभागात भाषेचा प्रश्न किती हळवा आहे हे मला ठाऊक आहे आणि मराठी उपासनेवर माझेही जिवापाड प्रेम आहे. तरीही घरी मराठी, शाळेत कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाला देवाच्या वचनापुढे मुके बसवणे मला योग्य वाटले नाही.

घरी गेल्याशिवाय कळत नाहीत अशा आणखीही गोष्टी असतात. आमची तीन मुले उद्यमबागेतील कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जात असत आणि आमची सभा नेमकी शनिवारी संध्याकाळी भरत असे. त्यांच्यासाठी रविवारी उपासनेनंतर अर्धा तास बसायला सुरुवात केली, एवढ्यानेच ती पुन्हा जोडली गेली.

घरोघर जाण्याच्या या पद्धतीला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी 1742 मध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे सुचवले. अनेकांना तेवढेही परवडणार नाही अशी शंका निघाली, तेव्हा त्यांच्यातील एकाने सांगितले की सर्वांत गरीब 11 जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि जो देऊ शकणार नाही त्याचे मी भरीन. पैशासाठी घरोघर जाणाऱ्या या माणसांना लोक प्रत्यक्षात कसे जगतात हे दिसू लागले, आणि कर्जफेडीच्या त्या सोयीतून मेथडिस्ट चळवळीतील वर्ग, म्हणजे सभासदांचे छोटे गट, व त्यांची काळजी घेणारे वर्गनायक ही व्यवस्था उभी राहिली. बेळगावात 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने सुरू केलेले काम पुढे मेथडिस्टांकडे आले, त्यामुळे हा वारसा आपल्या दारातलाच आहे. एका माणसाने साधारण 12 जणांची काळजी घ्यावी हे प्रमाण मला आजही योग्य वाटते.

म्हणून 30 जणांचा भार एकट्याने वाहू नका. पवित्र शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात इथ्रो आपला जावई मोशे याला हेच सांगतो की तू एकटा झिजशील आणि लोकही झिजतील. आपल्याकडे तर याला आणखी एक कारण आहे. शिक्षण संपले की आपली मुले पुणे, बंगळूर, गोवा अशी पांगतात, आणि ज्या संघात चाव्या, हिशेब व गीतांची वही एकाच व्यक्तीजवळ असते तो संघ त्या व्यक्तीच्या बदलीबरोबर बंद पडतो. प्रत्येक कामाला आजच दुसरा माणूस जोडा. तो तुमच्यापेक्षा कच्चे काम करील, तरीही ते त्याच्या हातून काढून घेऊ नका. मला हे शिकायला सर्वाधिक वेळ लागला.

काही बाबतींत मात्र कडक राहा. वर्गणीचा हिशेब दोघांच्या सह्यांनी दर महिन्याला मंडळीच्या कमिटीपुढे ठेवा. संघात 18 वर्षांखालील मुले असतील तर त्यांना एकट्याने भेटू नका. घरी जाताना दुसरी प्रौढ व्यक्ती बरोबर असावी. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि मंडळीची अब्रू जाईल या भीतीने ती दाबणे हा त्या मुलावरचा दुसरा अन्याय ठरतो. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक सर्वांना पाठ असू द्या.

स्वतःच्या वाढीविषयी विचाराल, तर प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तुझे तारुण्य कोणी तुच्छ मानू नये असे लिहिले, त्याला लागूनच भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास आणि शुद्धता यांत कित्ता हो असेही लिहिले. मला हे एकटीने जमले नसते. मंडळीतील एका वयस्क बाईंकडे मी महिन्यातून एकदा जात असे आणि त्या मला माझ्या चुका तोंडावर सांगत. एका मुलाला मी सर्वांसमोर रागावले होते आणि तो येईनासा झाला होता, तेव्हा त्यांनी मला पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर प्रवासाला निघालेल्या मार्काची आठवण करून दिली. त्याने पंफुल्यात साथ सोडली म्हणून पौलाने त्याला पुढे बरोबर नेण्यास नकार दिला, बर्णबाने त्याला जवळ केले, आणि शेवटी पौलानेच तो सेवेसाठी आपल्याला उपयोगी आहे असे लिहून त्याला बोलावून घेतले. मी त्या मुलाच्या घरी गेले आणि त्याच्या आईवडिलांसमोर त्याची क्षमा मागितली. तो संघात परतला नाही, परंतु रस्त्यात भेटला की थांबून बोलू लागला.

तुमच्या नोंदवहीतील न येणाऱ्या 21 नावांत असे दुखावून गेलेले कोणी असतील, तर त्यांच्याकडे पाळकांना पाठवू नका, तुम्ही स्वतः जा, आणि त्या पहिल्या भेटीत शनिवारच्या सभेचे निमंत्रण देऊ नका.