पोपटी शेंड्यांच्या तीन वेण्या

नाशिक

प्रिय पोरी,

त्या दिवशी मोबाइलवर मित्सुरीचं चित्र पुढे करून म्हणालीस, "मावशी, मला ही व्हायचंय. मुंबईच्या कॉमिक कॉनला, त्या कार्टून-कॉमिक्सवाल्यांच्या मेळ्याला, तिचा वेश करून जायचंय. आई म्हणते, हे काय सोंग!" मी आधी कापडाचाच हिशोब करायला लागले. चाळीस वर्षं वेशभूषेची ड्रेपरी चालवलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मग नातवाला धरून बसवलं आणि तिचं ते 'डीमन स्लेयर', राक्षस मारणाऱ्यांचं जपानी कार्टून, पाहिलं. दुकानात बोलत बसले तर मधे तीन गिऱ्हाइकं येतात, म्हणून हे पत्र.

आईला धुळवडीच्या वीरांची आठवण करून दे. पोरांना राम, कृष्ण, शिवाजी महाराज करून, देवघरातले टाक घेऊन, वाजतगाजत रामकुंडावर न्यायचं, हे आपल्याच गावातलं ना? त्या आठवड्यात माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नाशिकच्या माणसाने तरी सोंगाला नाक मुरडू नये.

आणि खरं सोंग कुठलं, ते तुझ्या मित्सुरीच्या गोष्टीतच आहे. इतरांच्या आठपट घट्ट स्नायू, भूक पैलवानाची. साकुरा मोची, म्हणजे चेरीच्या पानात गुंडाळलेली ती गुलाबी मिठाई, इतकी खाल्ली की केससुद्धा गुलाबी, शेंडे पोपटी. लग्नाच्या बोलणीत मुलाने तोंडावर सांगितलं की तुझ्याशी अस्वलं-रानडुकरंच लग्न करतील. मग हिने केस काळे केले, अर्धपोटी राहिली, ताकद नसल्याचं नाटक केलं. आणि बघ, तेव्हा लग्नाला तयार असलेला एक जण भेटलासुद्धा! तेव्हाच तिला वाटलं की हे काही खरं नाही, आणि ती उठून राक्षस मारणाऱ्यांत सामील झाली.

इथे नातू मला म्हणाला, "आजी, रडतेस काय?" रडत नव्हते. मला बघायला आले होते तो दिवस आठवला. पोह्यांची बशी घेऊन मी पाऊण तास खाली बघत बसले होते, कारण मामीने बजावलं होतं की तुझं हसणं कोपऱ्यावर ऐकू जातं, ते आज आवर. इतके वेश शिवले, त्याच्याइतका काचणारा एकही नव्हता. (नकार आलाच. बरं झालं.)

ताकदीच्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. वणीची सप्तशृंगी अठरा हातांत शस्त्रं घेऊन उभी आहे. गॅदरिंगला दर वर्षी झाशीच्या राण्या माझ्याकडून शेला-तलवार नेतात. पण त्या पोरी भुवया चढवूनच स्टेजवर जातात. ताकद म्हटली की चेहरा रागीट, असं कोणीतरी ठरवून टाकलंय. ही मित्सुरी लाजते, भोकाड पसरते, समोरच्याचं कौतुक करते आणि त्याच अंगाने राक्षसाला कापते. तुला तिची भुरळ पडली ती यामुळेच, नुसत्या गुलाबी केसांमुळे नाही, असा माझा अंदाज.

आता कामाचं. विगवर केसांचा डाय ओतू नकोस, सिंथेटिक धाग्याला तो धरत नाही. गुलाबीच विग घे, शेंड्यांना पोपटी रंगाचे तुकडे जोडू. विंचरायचा तो खालून वर, रुंद दातांच्या फणीने. गुंता झाला तर गार पाण्यात कपड्याचं कंडिशनर घालून भिजव. वेण्या तीन आहेत, दोन पुढे, एक मागे. मागची विसरतात सगळे.

तिच्या युनिफॉर्मचा गळा उघडा आहे. गोष्टीतही तो एका चावट शिंप्याचा प्रताप आहे, तिची हौस नाही. तुला नको असेल तर आतून अंगाच्या रंगाचं लायक्रा लावते. नाचाच्या स्पर्धांना आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो, फोटोत कळत नाही. गडद कापड जाड कॉटनचं घेऊ. पॉलिस्टरमध्ये दुपारी दोनपर्यंत तुझं हसू घामाने वाहून जाईल. मैत्रीण बरोबर ने, आणि न विचारता फोटो काढणाऱ्याला सरळ नाही म्हण.

तलवार मात्र गंमतीची आहे, चाबकासारखी वळणारी. आपल्याला लवचिक पात्याचं नवल नाही, दांडपट्टा आपलाच, 2024 पासून राज्यशस्त्र. धातूचं काही आत नेऊ देत नाहीत, म्हणून पातं फोमच्या पट्टीचं करू. पण मनगट कसं फिरवायचं ते शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरवणाऱ्या मुलींकडून चार दिवस शीक. नाहीतर हातात फीत धरल्यासारखं दिसेल.

एक गोष्ट मी दुकानात बोलले नाही. तू पोपटी मोजे चढवून आरशासमोर उभी राहिलीस, तीनदा खुदकन हसलीस आणि लगेच तोंडावर हात ठेवलास. तिन्ही वेळा ठेवलास, मी मोजलं. विग, मोजे, तलवार सगळं मी बघते, तो हात खाली घ्यायची सवय तुलाच करावी लागेल. घरात कर, पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात कर, मुंबईत पोचेपर्यंत जमेल.

आणि मिसळीचं. परवा मागवली तर अर्धा पाव खाऊन ताट सरकवलंस, म्हणे ड्रेस बसला पाहिजे. अगं, शिलाई माझ्या हातात आहे, दोन इंच माया ठेवलीय आत.

रविवारी अकराला ये. विग आण, मोज्यांचं चापट इलॅस्टिक मी मेनरोडवरून आणून ठेवलंय. जेवून येऊ नकोस.

तुझी
ड्रेपरीवाली मावशी