दगड वाचायला शिकताय? आधी वेग बघा

तुम्ही इंदूरला राहून भूविज्ञान शिकायला सुरुवात करताय, तर यापेक्षा चांगली जागा नाही. माळव्याच्या पठाराचा काळा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. खनिजांची लांबलचक नावं आत्ता पाठ करू नका. जमिनीत काय झटपट घडतं आणि काय संथ, हे बघायला एवढंच करा:

- इंदूरजवळच्या महूकडे एखाद्या रस्त्याच्या कापात, म्हणजे रस्त्यासाठी टेकडी कापून उघड्या पडलेल्या भिंतीत, लाव्हाचे थर शोधा. दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसला, तर तिथे थांबाच. खालचा थर निवल्यावर पुढचा लाव्हा येईपर्यंत त्याचा वरचा भाग झिजून ती माती झाली. एकाच कापात झटपट उद्रेक आणि संथ झीज दोन्ही सापडतात, हे फार मोलाचं आहे.
- एकच नाला निवडा. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच जागेवरून, त्याच दिशेने फोटो घ्या. फोटोत मोजपट्टी हवीच, नाहीतर काठ किती खचला हे कळणार नाही.
- पुराचं गढूळ पाणी काचेच्या बरणीत ठेवा. वाळू लगेच बसते, बारीक चिकणमाती कित्येक दिवस तरंगते. म्हणूनच ती दूरवर वाहून जाते.

नवखे बहुतेक दोन ठिकाणी चुकतात. बाहेरची तपकिरी साल बघून दगड ओळखतात. खाली पडलेला तुकडा फोडून आतला ताजा काळा भाग बघा. शेतातल्या उन्हाळी भेगांना भूकंपाच्या खुणा समजतात. काळी माती वाळली की आकसते, इतकंच.

आणि पावसाळ्यात महूजवळच्या पातालपाणी धबधब्याच्या पात्रात अजिबात उतरू नका. वर पाऊस झाला की लोंढा अचानक येतो.