पुरात भिजलेल्या जुन्या पद्मिनीचा गंज : वरून पत्रा मारावा की कापून काढावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी, २०१९ च्या पुरात चार दिवस पाण्यात होती. आता दाराखालचा पत्रा फुगलाय, ड्रायव्हरच्या पायाखाली बोट जाईल एवढं भोक पडलंय. एक मिस्त्री म्हणतो, वरून पत्रा मारून, पुट्टी भरून आठ दिवसांत देतो. दुसरा म्हणतो, सगळं कापावं लागेल. ऐकायचं कोणाचं?

दुसऱ्याचं ऐका. पण गाडी ताब्यात देण्याआधी त्याला विचारा, "कापताना बॉडीला आधार कशाचा देणार?" उत्तर पटलं तरच चावी द्या.

मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत पत्र्याचंच काम करतो. आमची पद्मिनी सांगलीच्या गावभागात उभी असायची. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट. गाडी टपापर्यंत पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर आम्ही इंजिन उघडलं, सीटा वाळवल्या, वायरिंग बदललं. दाराखालच्या लांब पेटीकडे, जिला आपल्याकडे रनिंग बोर्ड म्हणतात, कोणाचंच लक्ष गेलं नाही. पुढच्या वर्षी तिथं फोड आले तेव्हा वडिलांनी गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी वरून पत्रा मारला, पुट्टी ओढली, रंग झकास केला. दोन पावसाळ्यांत सगळं पुन्हा वर आलं, पहिल्यापेक्षा मोठं.

मग मी स्वतः ग्राइंडर घेऊन बसलो. नवा पत्रा काढला, त्याखालचा जुना हातानंच निघाला. आत पुराचा काळा गाळ तीन बोटं जाड बसला होता. वरचा थर वाळून पापुद्रे सुटलेले, पण खाली बोट घातलं तर ओल लागली. त्यात उसाचं पाचट अडकलेलं होतं. इतकी वर्षं ती पेटी आतून भिजत होती आणि आम्ही बाहेरून रंग देत होतो. तुमच्या गाडीतही हेच असणार, फक्त बाहेर दिसायला वेळ लागला.

वरून मारलेला पत्रा का टिकत नाही, ते समजून घ्या. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी वातीत तेल चढावं तसं चढतं आणि तिथून वाळत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो पुट्टीला आतून ढकलतो. पुट्टी स्वतःही ओल पिते. खालचा पत्रा जिवंत असेल तर पुट्टी चांगली, पण गंजावर अजिबात नको.

आता आधाराचं. जीपला खाली वेगळी चेसिस, म्हणजे बॉडी पेलणारा सांगाडा असतो, पद्मिनीला नसतो. तिची बॉडी हीच चेसिस, आणि दाराखालच्या त्या दोन पेट्या म्हणजे घराच्या तुळया. त्या आधाराशिवाय कापल्या तर गाडी मधून बसते. अर्धा सेंटीमीटर जरी बसली तरी दार लागत नाही, आणि तशीच वेल्डिंग झाली तर ती आयुष्यभर तशीच राहते. म्हणून गाडी सपाट जमिनीवर, चार मजबूत स्टँडवर घ्यायची. दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपाचे आडवे-तिरपे आधार टाक्यांनी, म्हणजे वेल्डिंगच्या सुट्या ठिपक्यांनी, पक्के करायचे. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचे. एका वेळी एकच बाजू कापायची, आणि नवा पत्रा नुसत्या टाक्यांवर असताना दार बसवून, उघडून-मिटून बघायचं. मी हे दिवसातून दहा वेळा केलं असेल.

कुठवर कापायचं? स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. चांगला पत्रा टण् वाजतो, कुजलेला थप्प. जिथं टण् सुरू होतो तिथून आणखी इंचभर पुढं कापा. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथं बॉडीला धरलेत ती जागा खालून नीट ठोकून बघा. तिथं गंज असेल तर बाकी सगळं काम थांबवून आधी ते करा, त्यावर माणसांचा जीव आहे.

पत्रा २० गेजचा सीआर (साधा, जस्त न चढवलेला) घ्या, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर जाड. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा सरळ वेल्ड करू नका. जस्ताच्या धुरानं रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि टाकाही फुसका बसतो. साध्या रॉडचं आर्क वेल्डिंग या पत्र्याला भोकंच पाडतं. आपल्या जुन्या मिस्त्रींनी फियाटी, म्हणजे याच गाड्या, गॅसवर जोडल्या. त्या हाताला मी मानतो, कारण गॅसचा जोड मऊ असतो, हातोडीनं बसवता येतो. पण गॅसची उष्णता लांबवर पसरते आणि पत्र्याला लाटा येतात. आज मी सीओटू वेल्डिंग (मशीनमधून तार आणि कार्बन डायऑक्साइड गॅस सोडणारं) सांगेन, ०.८ मिलिमीटरची तार लावून. पत्रा पत्र्यावर चढवू नका, कडेला कड लावा, मध्ये तारेच्या जाडीएवढी फट ठेवा आणि मागून तांब्याची पट्टी धरा. तांब्याला टाका चिकटत नाही, भोकही पडत नाही.

सरळ रेघ ओढायची नाही. इंचाइंचावर एक टाका, मग दुसऱ्या टोकाला, मग मध्ये. तळहात ठेवता येईल इतकं गार झाल्यावरच शेजारचा टाका. आमच्या एका बाजूला मला चार रविवार लागले. आणि टाका मारताना जुन्या कडेला भोक पडलं तर मशीनला दोष देऊ नका. तिथला पत्रा आतून खाल्लेला आहे, आणखी मागं जा.

वेल्डिंगआधी बॅटरी, सीटा, फोम, कार्पेट बाहेर काढा. पेट्रोलची टाकीसुद्धा काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, आत वाफ असते. शेजारी वाळूची बादली आणि माणूस हवाच.

आणखी एक, चेसिस नंबर ज्या पत्र्यावर पंच केलाय त्याला ग्राइंडर लावू देऊ नका. आरटीओच्या पासिंगला त्याची पेन्सिलनं छाप घेतात. नंबर गेला तर गाडी कागदावर उरत नाही.

जोड घासून झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्या, एकट्या रेड ऑक्साइडवर भागवू नका. जून ते सप्टेंबर उघडा पत्रा ठेवू नका, रात्रीतून तांबूस होतो. सांध्यांना सीलर लावा, आणि रंग झाल्यावर पेटीच्या आत लांब नळीनं मेण फवारा. हे मेण वेल्डिंगच्या आधी नको, पेट घेतं. पेटीच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात, पुट्टी आणि रंगात ती हमखास बुजतात. गाडी परत घेताना प्रत्येक भोकात तार घालून बघा.

पहिली पेटी उघडली की आतला फोटो इथं टाका. मागचा मेंबर, म्हणजे पाटे धरणारा बॉडीचा भाग, गंजानं किती खाल्लाय ते दिसलं तर कुठं कापायचं ते नेमकं सांगता येईल.