खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीचं पाणी आपोआप बदलायचं तर

भावा, दोन डोक्यांचा पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत दाबत पाणी पुढं ढकलणारा) घे. एकानं जुनं पाणी बाहेर, दुसऱ्यानं तेवढंच नवं आत. दोन्हींचा वेग मोजपात्रानं तपास आणि अधूनमधून परत बघ. नळी झिजली की फरक पडतो, मग खारटपणा नकळत सरकतो. तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास हवा. रोज १ टक्का बदललंस तर महिन्यात साधारण २६ टक्के जुनं पाणी जातं, ३० नव्हे, कारण नव्यातलंही थोडं बाहेर पडतंच. कोल्हापुरातलं नळाचं पाणी थेट मिठात कालवू नकोस, आरओ-डीआय फिल्टरनं क्षार काढून शुद्ध केलेलंच घे. रत्नागिरीहून समुद्राचं पाणी कॅन भरून आणायचं खूळ तर डोक्यातनं काढच. वाफेनं घटलेल्या पाण्याला गोड्या पाण्याचा टॉप-अप वेगळा लाव. लाईट गेली तर दोन्ही डोकी एकदमच थांबली पाहिजेत.