रिसेन्टली की लेटली? आधी मराठीतला 'च' ऐका

प्रश्न: ताई, मी बँकेत आहे, मे महिन्यात बदली होऊन नवीन ब्रँचला आले. पहिल्याच मेलमध्ये लिहिलं, 'आय जॉइन्ड धिस ब्रँच लेटली'. साहेबांनी सगळ्यांसमोर चूक म्हणून सांगितलं, पण का चूक ते नाही सांगितलं. डिक्शनरीत तर रिसेन्टली आणि लेटली दोन्हीला 'अलीकडे' असंच दिलंय. आणि नाऊअडेज, दि अदर डे वगैरे कधी वापरायचं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: सगळ्यांसमोर सांगितलं हे वाचून वाईट वाटलं, कारण तुम्ही डिक्शनरी उघडून बघितली होती आणि तिथे दिलेला अर्थ खोटा नाहीये, अपुरा आहे.

हेच मराठीत कसं म्हणाल बघा. 'मी अलीकडेच या ब्रँचला आले.' आता दुसरं, 'अलीकडे मला नीट झोप लागत नाही.' पहिल्यात च आहे, दुसऱ्यात नाहीये, सगळी गंमत तिथेच आहे. च लागला की गोष्ट एकदा घडून गेलेली असते, तिथे रिसेन्टली. च नसेल तर ती काही दिवस चालूच आहे, तिथे लेटली. ब्रँच जॉइन करणं एकदाच होतं म्हणून 'आय रिसेन्टली जॉइन्ड', आणि झोपेचं रोजचंच म्हणून 'आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल लेटली'. 'इतक्यात कुठे दिसला का तो?' यातही च नाही, म्हणून 'हॅव यू सीन हिम लेटली?' रिसेन्टली दोन्हीकडे चालतं, त्यामुळे डाउट आला की बिनधास्त तेच लिहा.

क्रियापदाकडे मात्र लक्ष द्या. आपण 'झोप लागत नाही' असा साधा वर्तमानकाळ वापरतो, लेटलीबरोबर इंग्रजीत बहुतेक वेळा हॅव लागतं. वर्तमानकाळच ठेवायचा असेल तर दीज डेज घ्या, 'आय डोन्ट स्लीप वेल दीज डेज', हे आपल्या 'हल्ली'च्या अगदी जवळ आहे. नाऊअडेजमध्ये पूर्वी असं नव्हतं हा सूर जास्त येतो, आपल्या 'आजकाल'सारखा. फक्त 'आजकालची मुलं'चं 'नाऊअडेज चिल्ड्रन' करू नका, 'चिल्ड्रन नाऊअडेज' म्हणा, आणि स्पेलिंगमधला मधला ए खाऊ नका.

दि अदर डे माझा फार लाडका, कारण तो म्हणजे आपला सैलसर 'परवा'. 'परवाच तुझी बहीण भेटली' म्हणतो तेव्हा आपण दिवस मोजत नाही, चार दिवस झाले असतील नाहीतर आठ, 'आय मेट युअर सिस्टर दि अदर डे'. कॅलेंडरवरचा मोजून कालच्या आधीचा परवा असेल तर डे बिफोर यस्टरडे. दोन्हीकडे साधा भूतकाळ, हॅव नको. मराठीत 'मी त्याला काल पाहिलंय' बिनघोर चालतं म्हणूनच आपल्या तोंडून 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' निघतं, पण काल, परवा, दोन दिवसांपूर्वी असं संपलेल्या वेळेचं नाव घेतलं की इंग्रजीत हॅव गळून पडतं.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नाहीये पण ऑफिसच्या मेलमध्ये सारखं दिसतं म्हणून सांगते. 'गेल्या दोन वर्षांपासून' मधला पासून आपल्याला सिन्सकडे ओढतो आणि 'सिन्स लास्ट टू इयर्स' लिहिलं जातं. तिथे 'फॉर द लास्ट टू इयर्स'. सिन्सला सुरुवातीचा क्षण लागतो, सिन्स मे, सिन्स 2023.

जस्टवरून कुणी अडवलं तर घाबरू नका, 'आय हॅव जस्ट ईटन' ब्रिटिश वळणाचं आणि 'आय जस्ट एट' अमेरिकन वळणाचं, दोन्ही बरोबर.

तुमच्या मेलपुरतं सांगायचं तर तारीख माहीत असताना रिसेन्टलीसुद्धा कशाला, सरळ 'आय जॉइन्ड धिस ब्रँच इन मे' लिहा, बँकेच्या मेलमध्ये वाचणाऱ्याला तोच महिना हवा असतो.